शंभर किलोमीटरनंतर

अंबरनाथच्या एमआयडीसीजवळ गॅरेज असलेला हा मेकॅनिक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, चाकाकडे बघतो. चाकं बाहेरच्या बाजूला सरकवणारे स्पेसर बसवायला मी गेलो, तेव्हाही तो चाकाशीच बोलला.

"गाडी रुंद दिसेल, वळणावर दबून चालेल. पण बेअरिंगवर लोड येणार, आणि नट ढिले होतात. शंभर किलोमीटर झाले की परत आणायची, कसून देतो."

कसलेल्या प्रत्येक नटावर त्याने खडूची रेघ ओढली. मी हो म्हणालो आणि गेलो नाही. रेघा पहिल्यांदा गाडी धुतली तेव्हाच गेल्या.

परवा बदलापूरला एका लग्नात तो दिसला. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला पाना. हॉलबाहेर कुणाच्या तरी गाडीपाशी उकिडवा बसून तो नट कसत होता.

"मालकाला सांगितलंत का?" मी विचारलं.

"सांगितलेलं. आला नाय," मान वर न करता तो म्हणाला.

त्याने मला ओळखलं नव्हतं. मी माझ्या गाडीकडे गेलो आणि वाकून पाहिलं. चारही चाकांच्या नटांवर खडूच्या ताज्या रेघा होत्या.