गाडीचं ऑइल मी निवडलं

लग्न होऊन मी शहाद्याला आले तेव्हा आमच्या दोघांत वाचता येणारी मी होते. ब्राह्मणपुरीच्या शाळेत मराठी सहावीपर्यंत गेले होते. आमचे हे शाळेत गेलेच नाहीत. शेती भावांकडे ठेवून ते मोटारीच्या मागे लागले आणि शहाद्यात स्टँडजवळ दोन खोल्या घेऊन राहिले. गाडी चालवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण गावाच्या पाटीवरचं नावही ते वाटेतल्या झाडावरून ओळखायचे.

मग मी वाचायचे. भावांची कार्डं, औषधाच्या बाटलीवरचा कागद, भजी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा. जेवण झालं की ते खिशातून काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवायचे. "वाच बरं, काय लिखेल शे." आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. त्या काळी आमच्या गुजर घरांत नवरा-बायको समोरासमोर बसून बोलत नसत. आम्ही बोलायचो, कारण मधे कागद असायचा.

गाडी म्हणजे कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेठकडून घेतलेली जुनी विलायती मोटार. तिचं पेट्रोलचं इंजिन कधीच संपलं होतं. धुळ्याला कुणीतरी तिच्यात एक जुनं डिझेल इंजिन बसवून दिलं होतं. बाहेरून गाडी रुबाबदार, पण चालू केली की मळ्यातल्या विहिरीवरचं इंजिन रस्त्याने निघाल्यासारखी धडधडायची. स्टँडवरून माणसं भरायची आणि सारंगखेड्याला, आजूबाजूच्या खेड्यांत सोडायची, हा आमचा धंदा. एसटी चुकलेली माणसं, बाळंतीण, केळीच्या बागेवाले, सगळे तिच्यात बसले.

त्या इंजिनाची नाडी एकाच माणसाला कळायची. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. शहाद्यातलं जुनं मुसलमान घराणं, वडील लोहारकाम करायचे, चाचा मोटारदुरुस्तीच्या कामात आले. गाडीत ऑइल कोणतं घालायचं हे चाचा ठरवायचे. पिंपातलं खुलं, साधं, चाळीस नंबरचं घट्ट ऑइल. इंजिन ते प्यायचं आणि मागे निळा धूर सोडायचं. दर दोन-तीन फेऱ्यांनी वरून ओतावं लागे. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर म्हणत, तुझी गाडी येण्याआधी तिचा धूर येतो. यांना ते फार लागायचं. बोलून दाखवत नसत, पण त्या दिवशी जेवणानंतर कागद निघायचा नाही.

एकदा बाजाराच्या दिवशी एका ऑइल कंपनीचा माणूस जीप घेऊन आला. त्याने कागद वाटले आणि डबे दाखवले. हे संध्याकाळी घाईघाईने घरी आले. कागद गुळगुळीत होता, त्यावर चकचकीत इंजिनाचं चित्र होतं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरांत इंग्रजी. मी मराठी बाजू वाचली. हे ऑइल डिझेल इंजिनासाठी खास बनवलं आहे. ते इंजिन आतून धुऊन काढतं, काजळी साचू देत नाही. ऑइल लवकर काळं झालं तर घाबरू नये, ते आपलं काम करत आहे असं समजावं.

"परत वाच," ते म्हणाले. मी परत वाचलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचांना विचारलं. चाचा आमच्या ओट्यावर बसून चहा पीत होते, मी दाराआड उभी. चाचांनी कागद हातात घेतलाच नाही. त्यांना वाचता येत नव्हतं.

"हाई इंजिन म्हातारं शे," ते म्हणाले. "म्हाताऱ्याले जी सवय शे, तेच देवानं. एकदम जुलाब देवाना नही. धूर निंघस ना, निंघू दे. चालस ना?"

"आणखी किती दिवस चाली, चाचा?"

"जितलं चाली तितलं."

चाचा गेल्यावर यांनी कागद पुन्हा माझ्यासमोर ठेवला. मग मला म्हणाले, "चाचा म्हणस नको. कागद काय म्हणस?"

आजही मला तो प्रश्न ऐकू येतो. मला काय वाटतं असं तोवर कुणी विचारलं नव्हतं. तेव्हाही मला विचारलं नव्हतंच, कागदाला विचारलं होतं, पण तो फरक मला कळला नाही. मी म्हणाले, "चाचाले वाचता येस नही. कागदवर लिखेल शे की आतून धोवाई जास. मंग धूर बी कमी व्हई." धुराचं कागदात काही नव्हतं. ते मी माझ्या मनाचं जोडलं.

चाचांना न सांगता त्यांनी नव्या ऑइलचा डबा आणला आणि घरीच ऑइल बदललं. जुनं ऑइल परातीत काढलं तेव्हा ते डांबरासारखं ओघळलं. नवं मधासारखं होतं. मी दिवा धरावा तशी डबा धरून उभी होते, आणि दोघांनाही सण असल्यासारखं वाटत होतं.

पहिले काही दिवस गाडी खरंच हलकी चालली. ऑइल बघायची सळई ते बाहेर काढून मला दाखवायचे. ऑइल चार दिवसांत काळंभोर झालं. मी म्हणाले, कागदावर तसंच आहे, काळं झालं म्हणजे काम करतंय. ते हसले. त्यांना तसं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

त्याच आठवड्यात सारंगखेड्याची यात्रा लागली. घोड्यांच्या बाजाराला जाणारी माणसं स्टँडवर मावत नव्हती. हे मला म्हणाले, "आज तू बी चाल." लग्नानंतर इतक्या वर्षांत मी आमच्याच गाडीत बसले नव्हते. मला पुढे बसवलं, माझ्या पलीकडे एक म्हातारी आणि तिची नात. मागे पुरुष दाटीवाटीने बसले, दोघे पायरीवर उभे राहिले. रस्त्याने घोडे चालले होते, गळ्यात घुंगरं, पाठीवर रंगीत झुली. मी डोक्यावरचा पदर नीट करत सगळं बघत होते.

अर्ध्या वाटेवर यांनी स्टेअरिंगपुढच्या लहान गोल काचेवर बोटाने टकटक केलं. तिथे ऑइलचा दाब दाखवणारा काटा होता. तो खाली आला होता. त्यांनी पुन्हा टकटक केलं. काटा हलला नाही.

"काटा खाले उना," ते हळूच म्हणाले. "कागदमा याचं काही व्हतं का?"

नव्हतं. काट्याबद्दल कागदात एक अक्षर नव्हतं. पण गाडी थांबवली असती तर यात्रा राहिली असती, मागचे लोक ओरडले असते, आणि मी सांगितलेलं ऑइल चुकीचं ठरलं असतं. मी म्हणाले, "पातळ ऑइल शे ना, काटा जरा खालेच ऱ्हाई. कागदवर तसं लिखेल शे."

त्यांनी मान हलवली आणि गाडी पुढे घेतली.

आणखी कोसभर गेलो असू. आधी आतून हातोडीसारखा ठक ठक आवाज यायला लागला. मग कर्कश आवाज होऊन एक झटका बसला आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. गाडी रस्त्याच्या कडेला घसरत थांबली. माणसं उतरली, थोडा वेळ हसली, थोडा वेळ शिव्या दिल्या आणि चालत यात्रेला निघून गेली. म्हातारी माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. आम्ही दोघं बाभळीखाली बसलो. ते बॉनेट उघडायलाही उठले नाहीत.

गाडी बैलांनी ओढून आणली. चाचांनी इंजिनाखालची ऑइलची टाकी उघडली तेव्हा मी तिथेच होते. ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर एक जाळी असते. ती काळ्या खपल्यांनी गच्च लिंपली होती. चाचांनी एक खपली बोटांत चुरली.

"वरीसनवरीस आत चिकटेल व्हतं," ते म्हणाले. "नव्या ऑइलने सगळं सोडं. जाळी बुजाई गयी, बेअरिंग कोरडी पडनी." मग त्यांनी यांच्याकडे पाहिलं. "माले सांगतं तर टाकी उघडी, धोई, मंग घालतू."

ते रागावले नाहीत. त्यांनी तीन दिवस खपून इंजिन मोकळं केलं. क्रँक, म्हणजे इंजिनातली मुख्य फिरती दांडी, घासली गेली होती. ती धुळ्याला नेऊन लेथवर खरादून आणली, पण त्या मापाची बेअरिंगं मिळेनात. परदेशी इंजिन, बाहेरचा माल येणं बंद. मुंबईहून आज येतील, उद्या येतील, यात उन्हाळा गेला. शेवटी चाचांनी दुसऱ्या इंजिनाची बेअरिंगं घासून बसवली. आता त्यात पुन्हा पिंपातलं चाळीस नंबरचं घातलं. गाडी सुरू झाली, पण आवाज तो नव्हता. चाचा कान लावून उभे राहिले आणि मग हात पुसू लागले. गाडी महिनाभरही टिकली नाही.

त्या मधल्या महिन्यांत मी एक गोष्ट केली. तो कागद आमच्या शेजारच्या हायस्कूलच्या मास्तरांकडे नेला आणि इंग्रजी बाजू वाचायला सांगितली. त्यांनी वाचलं आणि मराठीत सांगितलं. जुन्या इंजिनात हे ऑइल प्रथमच घालताना टाकी व जाळी साफ करावी, पहिलं ऑइल थोड्याच मैलांनंतर बदलावं, आणि काटा खाली आल्यास इंजिन त्वरित बंद करावं.

घरी येऊन मी यांना पहिल्या दोन गोष्टी सांगितल्या. तिसरी सांगता आली नाही. काट्याचं त्यांनी मला विचारलं होतं.

ते खाटेवर बसले होते. "म्हणजे तू अर्धंच वाचं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

त्यानंतर त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला नाही. मला वाटलं, राग उतरेल. पावसाळा गेला, कापूस निघाला. ते एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागले, पंधरा-पंधरा दिवस बाहेर असायचे. आले की जेवायचे आणि झोपायचे. मी एकदा वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन मोठ्याने वाचायला लागले. ते उठून बाहेर गेले. गाडी भंगारवाल्याने तुकडे करून नेली त्या दिवशी ते मुद्दाम फेरीवर होते. मी एकटीनेच ते पाहिलं. चाचांना पुढे हाताचा कंप सुटला. त्यांनी काम बंद केलं, पण रस्त्यात दिसले की माझी विचारपूस करायचे, आणि मला त्यांच्याकडे वर बघवत नसे.

काट्याचं मी कितीदा सांगायला घेतलं. एकदा भाकरी वाढताना, एकदा ते तापाने पडले होते तेव्हा. तोंडात शब्द यायचे आणि मी विचारायचे, अजून भाजी वाढू का, पाणी देऊ का.

एका दुपारी ते ट्रकवरून आले होते. पोस्टमनने कार्ड त्यांच्या हातात दिलं. मी चुलीपाशी होते, दारातून दिसत होतं. त्यांनी कार्ड उलटंसुलटं केलं, खिशात घातलं आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानात गेले. शिंप्याने मशीन थांबवलं आणि वाचून दाखवलं. ते परत आले, उंबऱ्याशी उभे राहिले.

"तुन्ही माय आजारी शे," ते म्हणाले. "सकायनी मोटरवर निंघ."

कार्ड माझ्या भावाचं होतं. त्यांनी ते माझ्याकडे दिलं नाही आणि मी मागितलं नाही. सकाळी त्यांनी मला एसटीत बसवून दिलं आणि गाडी सुटायच्या आधीच ते ट्रककडे गेले.