वाळ्याच्या छपराचं घर

कूलरला वाळ्याची नवी ताटी लावली की तो ओला वास येतो आणि मला देवपूरच्या दुकानातून गावी नेलेलं पक्ष्यांचं घर आठवतं. मी शहरात कॉलेजला आल्यापासून गावी आई दुपारी एकटीच असायची. तिला चिमण्यांची सोबत होईल, असं मला वाटलं. म्हणून वाळ्याने शाकारलेलं, गोल दाराचं एक लाकडी घर निवडलं. अंगणातल्या निंबावर टांगायला गेलो, तर आई म्हणाली, "तठे मांजर चढी ना रे!" मग ते ओट्याच्या वळचणीला, सावलीत टांगलं आणि आम्ही दाराआडून बघत बसलो. एक चिमणी आली. तिने आत डोकावलं, मान वाकडी करून पुन्हा डोकावलं. आईने माझा हात दाबला. तेवढ्यात चिमणीने छपरातली एक काडी उपसली आणि थेट विजेच्या मीटरमागे नेली. तिथे तिचं घरटं अर्धं बांधून झालं होतं. माझा चेहरा पडला. आई मात्र हसत सुटली, "तिले ते दुकान वाटनं, भाऊ!" आत बघून चिमणीला काय खटकलं असेल, हे मला अजून कळलेलं नाही, पण आता आईचा फोन आला की आधी चिमण्यांचं सगळं सांगून होतं, मग माझी चौकशी.