कास्तेलमोरोच्या भिंती आणि आमचे दादा

गाडीनं वळण घेतलं आणि कास्तेलमोरो एकदम समोर आलं. टेकडीच्या माथ्यावर दाटीनं बसलेली दगडी घरं, मधोमध चर्चचा चौकोनी मनोरा, खाली उतारावर ऑलिव्हची झाडं. माझी मुलगी मीरा इटलीत नोकरीला आहे. तिनंच आम्हां दोघा भावांना बोलावलं होतं. मी पेणला शाळामास्तर होतो. थोरले दादा रोह्याजवळ आमच्या गावी असतात. भातशेती सांभाळून त्यांनी जन्मभर गवंडीकाम केलं. विमानात त्यांच्या पोटात अन्न ठरलं नव्हतं. आता मात्र काचेला नाक लावून म्हणाले, "सद्या, सगळं दगडाचंच हाय रे!"

गावात गाडी जात नाही. पोर्तापाशी (वेशीपाशी) उतरलो. मीरा सांगू लागली, की तटाच्या तळचे हे प्रचंड दगड रोमनांच्याही आधीच्या लोकांनी रचलेले. शेजारच्या गावांशी लढाया सुरू झाल्या तेव्हा पुढच्यांनी त्यांवर तट चढवला. विटांची ठिगळं भूकंपानंतरची.

दादांनी भिंतीवर हात फिरवला. "खालचे कोरडेच रचलेत. वर चुना हाय. आणि हा इथला गवंडी घाईत होता."

"कशावरून?"

"सांध्यावर सांधा आलाय. आपल्या बानं कानफटात दिली असती."

पुढे पायऱ्यांची गल्ली. समोरासमोरच्या घरांमध्ये कमानी टाकलेल्या, धरणी हलली तर एकानं दुसऱ्याला धरावं म्हणून. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत गारवा. आमच्या पेणच्या जुन्या घरात भर मे महिन्यात असाच गारवा असे. ते घर दादांनीच बांधलं होतं. पुढे मी ते पाडून स्लॅबचं केलं.

पियात्सा (गावचौक) मधोमध उतरता आहे. छपरांचं पाणी तिथून खालच्या टाक्यात जातं. पूर्वी सारं गाव त्यावर उन्हाळा काढी. दादांना तिथल्या बाकावर बसवून मी आणि मीरा चर्चमधली भित्तिचित्रं पाहायला गेलो. बाहेर आलो तर बाक रिकामा. दादांचा फोन माझ्याच पिशवीत. तिथल्या भाषेचा एक शब्द त्यांना येत नव्हता. तासभर आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. प्रत्येक गल्ली आधीच्या गल्लीसारखीच.

मग चर्चमागून छिन्नीचा आवाज आला. ढासळलेल्या बांधापाशी एक म्हातारा गवंडी गुडघ्यांवर बसला होता, आणि त्याच्या शेजारी, बाह्या सारून, आमचे दादा. तो इटालियनमध्ये बोलत होता, दादा मराठीत, आणि काम अडत नव्हतं.

"मोठे काका, किती घाबरलो आम्ही!" मीराला रडू फुटलं.

"अगो, घाबरायचं काय? कामावर होतो."

त्या गवंड्याचं नाव ब्रुनो. त्यानं आम्हांलाही जेवायला बसवलं. पाव, मेंढीच्या दुधाचं चीज आणि कोवळे फावा (वालासारख्या मोठ्या शेंगांचे दाणे). "वालाचाच थोरला भाऊ," दादा सोलता सोलता म्हणाले, "बिरडं झकास होईल."

ब्रुनोनं मीराकरवी विचारलं, की तुम्ही बांधलेली घरं अजून उभी आहेत ना?

"दोन हायत. बाकीची पाडली."

"का?"

दादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सांग त्याला, माणसं वाढली. जागा पुरंना."

आमचं घर पाडलं तेव्हा त्यात मी आणि बायको, दोघंच राहत होतो.

संध्याकाळी तटावर बसल्यावर मी म्हणालो, "दादा, घर पाडताना तुला विचारायला हवं होतं."

"व्हय," ते म्हणाले, "हवं होतं." उरलेले चार दिवस ते सकाळी उठून ब्रुनोकडे कामाला जात राहिले.

परतल्यावर पनवेलला रोह्याची गाडी धरली. पेण जवळ आलं तशी मी बॅग काढली. तेव्हा दादा बोलले.

"विचारलं असतंस तर नाय म्हटलं नसतं मी. पाडायला मीच आलो असतो. कुठला दगड आधी काढायचा ते मला ठावं होतं. तुझ्या माणसांनी घणानं फोडलं सगळं."

पेण आलं. मी उतरलो नाही. बॅग परत वर ठेवली आणि विचारलं, "पाया केवढा घेतला होतास?" दादांनी दोन्ही हात पसरून दाखवला. पुढं रोहा येईपर्यंत दादा ते घर पायापासून आढ्यापर्यंत कसं उभं राहिलं ते सांगत होते. त्या घरात वीस वर्षं राहिलेला मी ते पहिल्यांदा ऐकत होतो.