नव्या टाकळ्याच्या मुठिया

एका माणसापुरत्या मुठिया करता येत नाहीत. कितीही हात आखडता घेतला तरी भाजीला पीठ कमी पडतं, मग पिठाला भाजी, असं करत वाफवायची चाळणी भरतेच. तलासरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा दर रविवारी माझा हा उद्योग असायचा, आणि खायला मी एकटी. नवरा नाशिकला नोकरीला. आधी महिन्यातून एकदा यायचा, पुढे सणासुदीलाच. फोनवर "जेवलीस का?" एवढं मात्र रोज विचारायचा, आणि मी सांगेपर्यंत त्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असायचं.

माझ्या दोन खोल्या पाड्यावरच्या एका आदिवासी शेतकरी कुटुंबाच्या घरामागे होत्या. घरमालकिणीला मी मावशी म्हणायचे, ती मला बाई. थंडीत मेथीच्या, एरवी शेवग्याच्या पाल्याच्या मुठिया केल्या की ताटली घेऊन पुढे जायचे. मावशी ओटीवर बसवून घ्यायची, नातवंडं ताटलीवर तुटून पडायची आणि माझी संध्याकाळ निभायची. पालेभाज्यांत लोह असतं वगैरे मी वर्गात घसा फोडून सांगायचे, पण खरं सांगू का, माझा सगळा खटाटोप त्या ओटीवर बसायला मिळावं म्हणून होता.

एका जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, कुंपणालगत टाकळ्याची रानभाजी तरारून आली. कोवळी पानं खुडून बारीक चिरली, त्यात नाचणीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, लसूण-मिरची घातली, मुठीत दाबून वळल्या, वाफवल्या आणि मोहरी-हिंगाची फोडणी दिली. झाल्या होत्या फर्मास. ऐटीत ताटली घेऊन गेले.

मावशीनं विचारलं, टाकळा का? मी हो म्हटलं आणि वर एक तोंडात टाकून दाखवली. नातवानं हात पुढे केला, तर तिनं तो धरून मागे घेतला. मग उगाच भाताच्या रोपांबद्दल बोलत बसली. सकाळी ताटली माझ्या दारात होती, झाकलेली, जशीच्या तशी.

मला फार लागलं. म्हटलं, आपण कितीही जीव लावला तरी बाहेरची ती बाहेरचीच. मीही काही कमी नाही, रागानं मागच्या पायवाटेनं शाळेत जायला लागले. त्या मुठिया तळून दोन दिवस एकटीनं संपवल्या. आख्ख्या गावात माझं म्हणावं असं तेवढं एकच घर होतं, आणि मी त्याच्याकडे पाठ करून खात होते. अशी रडू येण्याइतकी एकटी मी तिथे कधीच नव्हते.

काही दिवसांनी मावशीच मागच्या दारी आली. हातात टाकळ्याची मोठी जुडी. टेकली आणि म्हणाली, "बाई, करा आता तुमच्या मुठिया. काल देवाला नवी भाजी दाखवली."

तेव्हा मला कळलं. पावसाळ्यातली नवी पालेभाजी देवाला दाखवल्याशिवाय त्यांच्या पाड्यावर कोणी तोंडात घालत नाही. त्या दिवशीच का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तुम्ही तर खाऊन बसला होता, मग सांगून जिवाला घोर कशाला लावायचा, असं तिचं म्हणणं. मग खाली बघत म्हणाली, "तुमच्या नावानं मीच माफी मागली देवाकडं. आमच्या घरातलंच माणूस ना तुमी."

मी इकडे तोंड फुगवून बसले होते, त्या दिवसांत ही बाई माझ्यासाठी देवापुढे हात जोडत होती. त्या संध्याकाळी मुठिया केल्या आणि ताटली घेऊन पुन्हा ओटीवर गेले.

२०१९ मध्ये बदली झाली, नाशिकला, नवऱ्याजवळ. इतकी वर्षं त्यासाठीच अर्ज करत होते. पाऊस सुरू झाल्यावर मंडईत एका बाईच्या टोपलीत टाकळा दिसला. घरी आणला आणि तसाच ठेवला. पाड्यावर देवाला भाजी दाखवली असेल का, कुणाला विचारायचं? मावशीकडे फोन नव्हता. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा शेवटी मुठिया केल्या. नवऱ्यानं मोबाइलवरची नजर न काढता दोन खाल्ल्या, बऱ्या झाल्यात म्हणाला.

मग मीही खाल्ली. या घरात माझ्या नावानं माफी मागणारं कोणी नव्हतं.