अकरा नंबरची मेथी

काष्टीच्या बाजारात गोजरबाईला कोणी विचारलं, हल्ली कुठं कामाला, तर ती सांगायची, "कालेजच्या मेथीवर." ऐकणाऱ्याला काही उमगायचं नाही आणि तीही फोड करून सांगायची नाही. पाथर्डीकडून बारा वर्षं ऊसतोडीला जाऊन शेवटी काष्टीत स्थिरावलेली ही बाई. खुरपणी, काढणी, मळणी, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. पण मेथीला नंबर देऊन, पट्टीनं मोजून वाढवायचं काम तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

काम होतं दिशाचं. कृषी महाविद्यालयात ती मेथीवर संशोधन करत होती. दहा वाणांची मेथी एकाच रानात लावायची, कुणाचं बी किती उतरतं ते मोजायचं आणि त्या बियांत औषधी द्रव्यं किती ते प्रयोगशाळेत तपासायचं. मेथ्या भिजवल्या की जो बुळबुळीत चीक सुटतो त्यानं जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते, हे तिनं गोजरबाईला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. पण म्हणून शुगरच्या गोळ्या कुणी बंद करायच्या नाहीत, हेही बजावलं. गोजरबाईनं मान डोलावली. तिच्या आईनं गावच्या बाळंतिणींना जन्मभर मेथीचे लाडू चारले होते. एवढी शिकलेली पोरगी आत्ता कुठं त्या वाटेला आली, याचंच तिला नवल.

दुसऱ्या दिवशी ती पदराला बी बांधून आली. तिच्या आईची, साळूबाईची मेथी. बारीक पानाची, कडू, कोरड्या रानात तग धरणारी. आई गेल्यावर गोजरबाईनं ती गाडग्यात, राखेत ठेवली होती आणि वाण जिवंत राहावा म्हणून दरवर्षी पाटाच्या कडेला मूठभर पेरत आली होती. ती म्हणाली, "ताई, हिलाबी परीक्षेला बसवा." दिशानं बी तळहातावर चोळून पाहिलं, जरा विचार केला आणि अकरावा नंबर दिला.

प्रत्येक नंबरचे तीन वाफे, तेही रानभर विखुरलेले. एका घरची माणसं तीन आळ्यांत राहायला घातल्यासारखं गोजरबाईला ते वाटे. जमीन सगळीकडं सारखी नसते, एकाच वाफ्यावर भरवसा कसा ठेवायचा, असं दिशा समजावी. आणखी एक नियम होता. कडेच्या ओळी मोजणीत धरायच्या नसतात, तेव्हा भाजीला हवी तर तिथली घ्यावी. मधल्या ओळींना हात लावायचा नाही. गोजरबाईनं महिनाभर तो कसोशीनं पाळला. शेजारच्या बाया मेथी मागायला आल्या की त्यांना ती बांधावरूनच वाटेला लावी.

मग एके दिवशी दिशाचे सर पाहणीला आले. अकरा नंबरपाशी थांबून त्यांनी एक पान चावलं आणि म्हणाले, ही खरी मेथी. आईनंतर त्या मेथीला कुणी नावाजलं नव्हतं. गोजरबाईला इतका आनंद झाला की तिला पुढचं बोलणं ऐकूच आलं नाही.

रानात आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हातानं लावून देणं तिला कधी जमलं नव्हतं. नव्या मालाचा वानवळा द्यायचाच. दिशा सरांना विहिरीकडं घेऊन गेली तेवढ्यात ती वाकली. कडेची मेथी धुळीची, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायातली. ती आपण खावी, पाहुण्याला देऊ नये. म्हणून तिनं मधली कोवळी उपटली. एकाच वाफ्यावर अन्याय नको म्हणून तिन्ही वाफ्यांतून थोडी थोडी घेतली. दिशा वह्या आवरत होती तोवर जुडी सरांच्या गाडीत गेलीसुद्धा.

पुढं रोपं फोफावली, फांद्या एकमेकींत शिरल्या आणि मोकळ्या जागा झाकून गेल्या. फाल्गुनात शेंगा पिवळ्या पडल्यावर दिशा रोपं मोजायला बसली. अकरा नंबर तिन्ही वाफ्यांत कमी भरला. एकाच वाफ्यात कमी भरला असता तर उंदरांवर ढकलता आलं असतं. तिन्हीकडं, म्हणजे मर रोगच. मुळं कुजून रोपं गेली असणार. हा वाण रोगाला बळी पडतो असं लिहावं लागेल, असं म्हणत तिनं वही उघडली आणि "मर" लिहिलं.

गोजरबाईच्या हातातला विळा थांबला. गप्प राहिली असती तर कुणी तिला विचारणारही नव्हतं, आणि पुढच्या हंगामाचं कामही हातचं गेलं नसतं. पण आईची मेथी रोगट म्हणून पुस्तकात जाणार होती.

"ताई, रोग न्हाई तिला," ती म्हणाली. "मी उपटली. सरास्नी वानवळा दिला."

दिशाला पहिल्यांदा खरंच वाटेना. मग तिनं विचारलं, एकाच वाफ्यातली का नाही घेतलीत, मावशी? दोन तरी वाचले असते.

"एकालाच कसं लुटायचं?"

दिशा उठून बांधावर जाऊन उभी राहिली. एका हंगामाची मेहनत गेली होती आणि तिला मनस्वी राग आला होता. थोडा स्वतःचाही आला, कारण नियम सांगितला होता, त्यामागचं कारण नीट समजावायचं राहिलं होतं. परत आल्यावर तिनं "मर" खोडलं. उत्पन्नाचा आकडा आता देता येणार नाही, म्हणाली. पण उरलेल्या रोपांचं बी तपासता येईल. ते तिनं वेगळ्या पिशवीत भरलं. गोजरबाईचं काम राहिलं.

दीड वर्षानं बांधलेला प्रबंध घेऊन दिशा तिच्या घरी आली. सगळा इंग्रजीत. तिनं तक्ता उघडून अकरावी ओळ दाखवली. डायोस्जेनिन नावाच्या औषधी द्रव्यात ही मेथी पाचवी आली होती. गोजरबाईचा चेहरा जरा उतरला. मग अकरांत पाचवी म्हणजे काही वाईट नाही, असं तिनं स्वतःच ठरवलं. 'बी कुणाचं' या रकान्यातलं दिशानं वाचून दाखवलं: साळूबाई, पाथर्डी. गोजरबाईनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि डोळे पुसले.

मग ती त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. अक्षरं ओळखीची नव्हती. उत्पन्नाच्या रकान्यात आकड्याऐवजी एक बारीक आडवी रेघ होती, तिथं बोट थांबलं. तेवढं तिला वाचता आलं.

"हितली मी उपटली," ती म्हणाली.