सेल नसलेला ट्रान्झिस्टर आणि राजवाड्यातले वाजंत्री

भूत-भानामतीला आमच्या बौद्ध घरात थारा नव्हता. मी तर जन्मभर नर्स! कुणाच्या अंगात आलं की आधी थर्मामीटर लावणारी बाई. तरी लिहितेय... हसायचं तर हसा.

लातूर नुकताच जिल्हा झालेला, आमचं अहमदपूर त्यात आलेलं, आणि वर दुष्काळ. गावात लग्नं ब्यांडाशिवायच उरकायची. म्हणून क्लॅरोनेट वाजवणारे आमचे हे नांदेडच्या ब्यांडपार्टीत गेले. हंगाम संपेपर्यंत मालक कुणालाच सोडेना. इकडं माझे दिवस भरलेले. पहिलं बाळ जन्मतःच गेलं होतं, तेव्हाही हे बाहेरगावीच. या खेपेला तरी हे जवळ असावेत, एवढंच मला हवं होतं.

एका दुपारी मी पडून होते, सासूबाई ज्वारी निवडत होत्या. कोनाड्यातला ट्रान्झिस्टर आपोआप सुरू झाला! एक बाई हिंदीत सांगू लागली — दोनशे वर्षांपूर्वी तिकडं युरोपात वाजंत्री म्हणजे सरदारांचे वर्दीतले नोकर. एका सरदारानं त्यांना लांबच्या महालात अडकवून ठेवलं, बायकापोरांकडं जाऊ देईना. तोंडानं मागायची सोय नव्हती. मग त्यांच्या उस्तादानं एक सिंफनी रचली. तिच्या शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून उठून जातो. सरदार काय ते समजला, त्यानं सगळ्यांना घरी सोडलं.

मग ती सिंफनी वाजली. वाद्यं कमी होत गेली... दोन व्हायोलिन उरली, तीही थांबली.

"अगं, हे कसं वाजून राहिलं?" सासूबाई घाबरून म्हणाल्या. "सेल तर मी सकाळीच टॉर्चमधे घातले!"

मी मागचं झाकण उघडलं. आत खरंच काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं हे दारात!

"लई नवल झालं बघ. काल दुपारी तालमीत वाजवता वाजवता मी थांबलो, उठलो. मागून एकेक जण उठला. कुणी कुणाला सांगितलं न्हाई. मालक बघतच बसला. म्हनला, जावा, आठ दिवस घरी जाऊन या."

त्याच संध्याकाळी मुलगी झाली. अशी खणखणीत रडली म्हणून सांगू! यांनी तिला हातात घेतलं नि स्वतःच रडले.

गेल्या वर्षी याच लेकीनं, मी सांगितलेल्या मेणबत्त्यांवरून, मोबाईलवर ती सिंफनी शोधली. क्लॅरोनेटसारखं काळं वाद्य वाजवणारा सगळ्यांत आधी उठला, दिवा विझवून निघाला. यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हा मी," म्हणाले. "आता बघ, शेवटी दोघंच उरतील."

दोघंच उरले. याआधी यांनी ती कधी ऐकली नव्हती, पाहिली नव्हती; शेवटी दोघं उरतात हे मीही कधी सांगितलं नव्हतं. मग? मला अजून काही उलगडलेलं नाही. मी आपली यांचा हात घट्ट धरून बसले होते, आणि लेक विचारत होती, "आई, रडतीस का गं?"