काकीने शिवलेला कटर

कोणतीही वस्तू हातात आली की काकी ती आधी कानाला लावायची. घड्याळ, टॉर्च, गॅसचा लायटर, बंद पडलेला मिक्सर, काहीही. मग डोळे मिटायचे, मान जरा डावीकडे कलायची आणि आपण गप्प बसायचं. मी नवा मोबाइल घेतला तेव्हा मोठ्या ऐटीत तिला दाखवायला गेलो, तर तोही तिने कानाला लावला. बोलायला नव्हे, आत काय हलतं ते ऐकायला. "ह्येच्यात कायच नाय," म्हणून तिने तो परत दिला आणि माझी ऐट तिथेच संपली.

ती माझी सख्खी काकी नव्हे, शेजारची. सगळ्या वाडीची ती शिवणाची काकी. मी जामसंड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, शनिवारी दुपारी गावी येतो आणि सोमवारी पहाटे परत जातो. आमची घरं एका दगडी गडग्याच्या अल्याड-पल्याड. तिच्या पडवीत पायाने चालवायची शिलाई मशीन होती, आणि त्या मशीनची नाडी तिला स्वतःच्या नाडीपेक्षा चांगली कळायची. वाडीत दुसऱ्या कुणाच्या घरी मशीन चालू झाली तरी ही इथून सांगायची, "तिची सुई उशिरान उतारता. टाको सुटतलो." संध्याकाळी ती बाई मशीनचं डोकं डोक्यावर घेऊन हजर व्हायचीच.

काका जहाजावर खलाशी होते. निवृत्त होऊन आले आणि दोन वर्षांत मूत्रपिंडांनी दगा दिला. दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. सकाळी सहाला रिक्षा यायची, काका चुरचुरीत इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि जाताना मला हात करायचे. आजारी माणसाला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "बायल शिवणारी आसा मरे. चुरगाळलेलो गेलंय तर तिचा गिऱ्हाईक जायत."

आमच्या वाडीतून बाहेर पडायला वाट एकच, ती पाणंद. दोन्ही अंगांना किंजळ, ऐन, आंबे, आणि मधून रिक्षा जेमतेम जाईल एवढी जागा. एका जूनमध्ये वारा सुटला आणि पाणंदीत तीन झाडं आडवी झाली. व्हाळाला पूर, त्यामुळे दुसरीकडूनही नेता येईना. झाडं कापायचं मशीन, ज्याला आमच्याकडे नुसतं कटर म्हणतात, ते बाजारपेठेतल्या एकाकडेच होतं. तो "आत्ता येतो" म्हणाला सोमवारी आणि आला बुधवारी. त्याचाही दोष नव्हता, सगळ्या गावांत झाडं पडली होती. पण तोवर काकांचं अंग सुजलं, आडवं झालं की श्वास कोंडू लागला. दोन दिवस ते उशीला टेकून बसून होते आणि काकी त्यांच्या पाठीला कान लावून बसली होती. आत काय वाजत होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही. काका वाचले. पुढच्या शनिवारी गडग्यावरून तिने मला हाक मारली. "मास्तर, माका कटर मागव. सुटो. सगळे भाग येगळे येतत तो."

असले भाग पेटीत भरून विकतात हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मी मोबाइलवर शोधलं तर खरंच होतं. कुठल्याशा मूळ मशीनच्या मापाचे नकली भाग, अख्खा कटर होईल इतके, जोडायचा ज्याचा त्याने. मी म्हटलं, काकी, तयार घे की. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वर्गात पहिल्या बाकावर बसलोय की काय असं मला वाटलं. "तयार कटर मोडलो तर तो दुकानदाराचो. पावसात, पाणंदीत मोडलो तर थयच बसान माका जोडूक येवक होयो."

पेटी आली. सूचनांचा कागद होता, पण लिपी चिनी. काकीने तो घडी करून मशीनच्या डळमळत्या पायाखाली घातला. मग दारापुढच्या खळ्यात काकांचं जुनं धोतर अंथरलं आणि एकेक भाग काढून मांडायला घेतला. कापलेल्या ब्लाउजचे तुकडे मांडतात तसे. "ह्यी पुढची बाजू, ह्यी पाठ, ह्यो दोन बाह्यो आणि ह्यो गळो," ती पुटपुटत होती. मला दिसत होती नुसती भंगाराची रास. तासाभराने त्या राशीला आकार आला होता. न जोडलेलं, सपाट पसरलेलं, पण ओळखू येणारं एक यंत्र धोतरावर पडलं होतं. मी बी.एस्सी. आहे, बी.एड. आहे. मला घाम फुटला.

इंजिनाच्या पोकळीत बेअरिंग बसवायचं होतं. ते भोकापेक्षा केसभर मोठं. हातोडीने ठोकलं तर पोकळी फुटणार. काकीने बेअरिंग फ्रीजमध्ये ठेवलं, वरच्या कप्प्यात, बांगडे माशांच्या पिशवीशेजारी. इंजिनाचं अर्धं कवच भाकरीच्या तव्यावर तापत ठेवलं. पाण्याचा थेंब शिंपडून बघितला, तो तडतडला तेव्हा चिमट्याने बेअरिंग काढून भोकावर ठेवलं. ते आपणहून आत उतरलं. मी वीस वर्षं पोरांना गोळा आणि कडी तापवून उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे दाखवतोय. त्याचा उपयोग काय, असं एकाही पोराने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. "तुका कोणी शिकवला गो ह्या?" मी विचारलं. "माज्या बापाशीन. गाडयेच्या चाकाक लोखंडाची धाव बसवताना." लोट्यावरून, म्हणजे ओसरीवरून, काका म्हणाले, "माकाय फ्रीजात ठेव गो थोडो वेळ. मगे मीय खंय तरी बरोबर बसान." ती हसली नाही, पण तिच्या हातातला चिमटा हलला.

शनिवार-रविवार असे पाच गेले. चुंबकाचं चाक आणि ठिणगी पाडणारी कॉइल यांच्यामध्ये कागदाएवढी फट ठेवायची असते, त्यासाठी तिने माझ्या लग्नाची पत्रिका वापरली. बारा वर्षं तिने ती जपून ठेवली होती, हे मला त्या दिवशी कळलं. मग इंजिनात वारा कुठे निसटतो का ते बघायची वेळ आली. सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि साबणाचं पाणी फासलं. आम्हाला काही दिसेना. काकीने कान लावला. "हयसर," ती म्हणाली आणि बोट ठेवलं, तिथे एक बुडबुडा फुगायला लागला. सांध्यात घालायचं पेटीतलं गॅस्केट कोपऱ्यात विरलेलं होतं.

आता जे झालं ते शिंप्याच्या घरात वाढलेल्यालाच कळेल. काकीची कापडाची कात्री म्हणजे देवघरातली वस्तू. त्या कात्रीने कागद कापायचा नाही. लहानपणी मी एकदा त्या कात्रीने पतंगाचा कागद कापला होता, तेव्हा मला जे ऐकावं लागलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. गॅस्केटचा जाड कागद मी कणकवलीहून आणून दिला. घरातल्या कात्रीने त्याची कड तुटत होती. काकीने ती खाली ठेवली. मग आत गेली, कापडाची कात्री घेऊन आली, शिवणाच्या खडूने आकार आखला आणि एका दमात कागद कापला. ती कात्री पुढे कापडावर कधी पहिल्यासारखी चालली नाही.

सहाव्या रविवारी कटर धडधडत चालू झाला. वाडी गोळा झाली. काकीने पदर खोचला, काकांचा जुना शर्ट वर चढवला आणि फणसाच्या एका वाळक्या फांदीवर साखळी टेकवली. धूर निघाला, लाकूड काळं पडलं, आणि फांदी काही कापेना. तिने जोर लावला, आणखी धूर. माणसं हळूहळू पांगली. पांगताना कोण काय म्हणालं ते मी लिहीत नाही, मला अजून त्याच वाडीत राहायचंय.

पुढच्या शनिवारी ती पडवीत मशीनचं चाक नुसतंच फिरवत बसली होती. मला बघून म्हणाली, "मास्तर, माजी मशीन माज्याकडे फिरता. चाळीस वर्सां मी वरना माज्याकडे फिरवतंय. म्हणान साखळी पण मी तशीच घातलंय." कटरची साखळी वरच्या बाजूने पुढे धावते आणि खालून आपल्याकडे येते. तिच्या हाताने चाळीस वर्षांच्या सवयीने दाते उलटे बसवले होते. तिने साखळी काढली, फिरवून घातली, बोटाने ताण बघितला. दोऱ्याचा बघायची तसाच, जरा ओढून सोडून. त्या दिवशी फांदी लोण्यासारखी कापली गेली. या वेळी बघायला आम्ही दोघेच होतो, काका आणि मी. काकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या हातात सुयांच्या गाठी होत्या, त्यामुळे आवाज फारसा आला नाही.

आता एकच काळजी राहिली. पाणंदीच्या तोंडाशी एक जुना आंबा वाटेवर कलंडलेला होता. तो भाऊंचा, म्हणजे काकांच्या चुलतभावाचा. आडवा झाला असता तर त्याचा बुंधा काकीच्या कटरला झेपला नसता. तिने भाऊंना दोनदा सांगितलं, उभा असताना उतरवूया, वरून थोडा थोडा. दोन्ही वेळा भाऊ म्हणाले, "वयनी, औंदा मोहर बरो आसा. फुडच्या वर्सा बघूया." दोन पावसाळे ती प्रत्येक वाऱ्याला दारात येऊन त्या दिशेला कान देऊन उभी राहायची.

आंबा पडला नाही. पडला तो किंजळ, जुलैतल्या एका सोमवारी, पहाटे पाच वाजता, धो धो पावसात. मी बॅग घेऊन निघालो होतो, पाणंदीत अडकलो. मागून काकी आली, गमबूट, अंगात काकांचा जुना शर्ट, डोक्यावर प्लास्टिक, हातात कटर. पहिला ओंडका सुटला. दुसऱ्याला साखळी पट्टीवरून उतरली आणि मला वाटलं, संपलं. ती चिखलात मांडी घालून बसली, पाना काढला आणि मी छत्री धरली. माझा त्या प्रकरणातला सगळा वाटा एवढाच. दहा मिनिटांत कटर पुन्हा चालू. सहाला रिक्षा आली तेव्हा ओंडके कडेला सारलेले होते. ती वाडीतून माघारी आली तेव्हा काका इस्त्रीच्या शर्टात आत बसले होते. रिक्षा तिच्याजवळ थांबली. काकांनी चिखलाने भरलेल्या बायकोला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "शर्ट माजो आसा तो. धुवान दी." रिक्षा गेली. ती वळणाआड होईपर्यंत काकी तिचा आवाज ऐकत उभी होती.

त्यानंतर अडीच वर्षं काकांचा एकही सोमवार चुकला नाही, एकही गुरुवार चुकला नाही. गेले ते थंडीत, एका शनिवारी, चहा पिऊन, लोट्यावर बसल्या बसल्या. वाट त्या दिवशी मोकळी होती.

आमच्याकडे माणूस गेलं की वाडीतले पुरुष सरणासाठी आंबा तोडायला निघतात. बायका घरात. भाऊ खाली मान घालून दारात आले. "वयनी, पाणंदीवरलो आंबो घेवया." काकी काकांच्या उशाशी बसली होती. तोवर ती रडली नव्हती. तिने भाऊंकडे बघितलं. "दोन वर्सां ह्योच आंबो मागी होतंय, भाऊ," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. मग पुढे म्हणाली, "आता तेका रवांदे. आता तो कोणाची वाट अडवणा नाय. आमचो परड्यातलो घेवा."

कटर घरामागच्या परड्यात नेला. भाऊंनी दोरी ओढली, दुसऱ्याने ओढली, तिसऱ्याने. चालू होईना. मी आत येऊन बसलो होतो. दोरीचा तो कोरडा आवाज पुन्हा पुन्हा येत होता, आणि मला दिसलं, काकीची मान डावीकडे कलली आहे. "पेट्रोल जास्त प्यालो तो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "चोक उघडूक सांग." मी धावलो. चोक कुठला ते मला माहीत नव्हतं. मी भलताच खटका ओढला, विज्ञानाचा शिक्षक, आणि दोरी पुन्हा तशीच कोरडी वाजली.

ती बाहेर आली. मागून कुणी तरी म्हातारी "बाये, नको गो," म्हणाली, पण पुरुष बाजूला झाले. तिने प्लग काढला, पदराला पुसला, तीनदा दोरी ओढून आतलं पेट्रोल उडवलं, प्लग बसवला, चोक उघडला. एका ओढीत कटर चालू झाला. निळा धूर आला. ती कान देऊन क्षणभर ऐकत राहिली, मग तो भाऊंच्या हातात दिला. "आता बरो चलता. पुरा होयसर बंद करू नको."

भाऊंनी आंब्याला साखळी लावली. काकी वळली आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसली. मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. तिचं तोंड उघडं होतं, खांदे हलत होते, ती जिवाच्या आकांताने रडत होती, आणि कटरच्या आवाजात त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

शेवटचा ओंडका पडला आणि भाऊंनी कटर बंद केला. तेव्हा ती पदराने हात पुसत होती. हाताला पेट्रोल लागलं होतं. ती आत गेली आणि काकांच्या शर्टाची कॉलर नीट केली.